मांडलेलं तसंच राहावं

"टेबल मोकळं करतेस का?" ह्याने एवढंच विचारलं आणि मला आवंढा आला. विचारलं त्यात वावगं काहीच नव्हतं. आम्ही राहतो बोटीत. आमचं जेवण त्याच टेबलावर, आणि रात्री तीच फळी खाली उतरवून दोन बाकांच्या मध्ये बसवली की पलंग. मी गोधडीसाठी आईच्या साड्यांचे तुकडे मांडून बसले होते. इंदुरीचा काठ कुठे घ्यायचा ते आत्ता कुठे जुळत होतं. गोळा केले, पिशवीत कोंबले.

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड कालव्यावरची लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद, जेमतेम 7 फूट रुंद, म्हणून बोट 6 फूट 10 इंच. रुंदी वाढणार नाही. मग जागा करायची म्हणजे एकाच जागेकडून दोन कामं करून घ्यायची. पायऱ्यांच्या पोटात चपला, बाकाखाली धान्य, टपावर कोळशाची पोती. ह्याचा हात त्यात फार चांगला आहे आणि मला त्याचं खरंच कौतुक आहे. पण सगळं मिटतं. दर संध्याकाळी मिटतं. मला रिकामी खोली नको, अर्धवट काम रात्रभर उघडं ठेवता येईल एवढीच जागा हवी. एवढंही मागू नये का माणसाने?

पूर्वी इथे रेल्वे आल्यावर कालव्यांवरच्या मालवाहू बोटींची कमाई घटली आणि नावाडी बायकामुलांना घेऊन बोटीवरच राहायला आले. केबिन साधारण 10 फूट बाय 7 फूट. कपाटाचं दार आडवं पाडलं की टेबल, दुसरं पाडलं की पलंग. त्या बायका क्रोशाच्या सुंदर लेसा विणायच्या. आज पहिल्यांदाच लक्षात आलं, क्रोशा मांडीवर मावतो आणि कुठल्याही टाक्याला थांबतो. गोधडीला जमीन लागते, आणि ती मी बोटीकडे मागत बसले होते.

मग जेवताना ह्याला सांगितलं. तो उठला, टेप घेऊन बाकाखाली आडवा झाला. तांदळाचा डबा हलवला तर तिथून एक पातळ प्लायवूड सरकेल, आणि वर बोटभर मोकळं राहील. म्हणजे ठिगळं टाचणीने लावून तशीच आत ढकलता येतील. गोधडी एकसंध अंथरता येणार नाही, पट्टी-पट्टीने शिवायची आणि शेवटी जोडायची. चालेल. काठाची पट्टी आधी घेते.

डब्याला मात्र अजून जागा सापडलेली नाही.