मंगळवारचं ग्लोबल व्हिलेज आणि गेटबाहेरचा सव्वा तास

दुबईहून येऊन दीड महिना झाला. बॅगा माळ्यावर गेल्या, खजूर वाटून संपले, पण ग्लोबल व्हिलेजच्या गेटबाहेर गेलेल्या त्या सव्वा तासाचा राग काही जात नाही. ओळखीत कुणी दुबईला निघालं की मी आधी हेच सांगायला घेते. आता एकदा सविस्तर लिहूनच काढते, म्हणजे निदान कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

जानेवारी 2025 मध्ये आम्ही तिघं गेलो होतो: मी, हे आणि सासूबाई. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या. चौथा आमचा भाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. तो दोन वर्षांपासून दुबईतच अल कूझला एका गोदामात कामाला आहे. आठवड्यातले सहा दिवस ड्युटी, एका खोलीत पाच जण, बाकी पैसे घरी. ग्लोबल व्हिलेज त्याने इतक्या दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं. "एकट्याने काय जायचं मावशी, तुम्ही आलात की जाऊ," असं तो फोनवर म्हणायचा. त्यामुळे या संध्याकाळीचं महत्त्व आम्हाला बुर्ज खलिफापेक्षा जास्त होतं.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: शहराबाहेर, शेख मोहम्मद बिन झायद रस्त्यावर हे भलंमोठं ठिकाण आहे. देशोदेशीचे मंडप, त्याला तिथे पॅव्हेलियन म्हणतात, बाहेरून त्या त्या देशातल्या प्रसिद्ध इमारतींसारखे सजवलेले आणि आत त्या देशांचा बाजार. सोबत खाणं, पाळणे, नाचगाणी. आम्ही गेलो तेव्हा तीस पॅव्हेलियन होते. हे फक्त ऑक्टोबर ते मे चालतं, उन्हाळ्यात बंद. मे अखेरीस शाळेच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे आधी बघावं, कारण आमच्या शेजारच्या कुटुंबाने मुलांना कबूल केलं होतं आणि जूनमध्ये जाऊन पोचले.

आम्ही दुबईतल्या डेरा भागात राहिलो होतो. तिथल्याच एका एजंटकडून "गाइडसह संध्याकाळची सहल" घेतली. माणशी 140 दिरहम, त्यात गाडी, तिकीट आणि गाइड. चौघांचे 560 दिले. भाच्याला गाडीची गरज नव्हती, तो आपला आपण थेट येणार होता, तरी त्याचेही पूर्ण पैसे घेतले. तेही चाललं. सहल सोमवारची ठरली, भाच्याने एका सहकाऱ्याशी सुट्टी बदलून घेतली. आणि रविवारी रात्री एजंटचा मेसेज: सोमवारची गाडी भरली, तुम्हाला मंगळवारी पाठवतो. मी फोन करून विचारलं, काही फरक पडेल का? "कुछ फरक नहीं मॅडम, सेम टूर है."

फरक होता. मंगळवार हा ग्लोबल व्हिलेजमध्ये कुटुंबं, जोडपी आणि बायकांसाठी राखीव दिवस असतो. एकट्या पुरुषाला त्या दिवशी आत सोडत नाहीत. हा नियम लपवलेला नाही, तो तिथे सगळ्यांना माहीत असतो, आणि रोज तिकिटं विकणाऱ्या माणसाला तर असतोच असतो. भाचा वेगळा येणार हे मी त्याला दोनदा सांगितलं होतं. तेव्हा एक वाक्य बोलला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

भाच्याने बिचाऱ्याने पुन्हा सुट्टीची अदलाबदल करायचा प्रयत्न केला, ती जमली नाही, म्हणून अर्धा दिवस रजा टाकली. त्या अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला, हे त्याने मला नंतर सांगितलं.

गाडी चारला येणार होती, आली चार पन्नासला. आणखी दोन हॉटेलांवरून माणसं घेत आम्ही सहा वाजता पोचलो. एकूण चौदा जण. अंधार पडत होता, दिवे लागले होते, आणि गाइडला घाई झाली होती. सगळी तिकिटं त्याच्या एकट्याच्या मोबाइलमध्ये. मी म्हटलं, आमचा एक जण यायचाय. तो म्हणाला, ग्रुप एकत्रच आत न्यावा लागतो, तुमची दोन तिकिटं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, तुम्ही थांबा. सासूबाईंना बाथरूमला जायचं होतं, म्हणून त्या आणि हे ग्रुपबरोबर पुढे गेले. मी राहिले. सहा दहा झाले होते.

पाच मिनिटांत भाच्याचा फोन. "मावशी, मी गेटवर आलोय. पण हे म्हणतायत आज फॅमिली डे आहे, एकट्याला नाही." मी म्हटलं, मी गेटवरच उभी आहे, तू कुठे आहेस? तोही गेटवर, मीही गेटवर, आणि दोघं एकमेकांना दिसत नाही. तेव्हा कळलं की ग्लोबल व्हिलेजला तीन गेटं आहेत आणि ती एकमेकांपासून चांगली लांब आहेत. त्याची बस एका बाजूला लागली, आमची गाडी दुसऱ्या. एजंटच्या कागदावर नुसतं "मुख्य गेट" लिहिलेलं. त्या नावाचं गेट तिथे नाहीच. गेट ऑफ द वर्ल्ड, कल्चरल गेट, हॅपिनेस गेट अशी नावं आहेत. कुणाला भेटायचं असेल तर यातलं नाव ठरवा आणि ते दोघांच्याही मोबाइलमध्ये लिहिलेलं असू द्या.

आता गाइडला गाठायचं. त्याने दिलेल्या नंबरावर मी सवयीने व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावला. लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेजारी उभ्या असलेल्या एका केरळी बाईंनी सांगितलं, इथे व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलता येत नाही, फक्त मेसेज जातात. अमिरातीत हे सगळीकडेच असं आहे. मग साधा फोन केला, तो वाजत राहिला. आत माईकवर गाणी सुरू, त्याला कुठला ऐकू येणार! ह्यांना फोन केला. ह्यांचं रोमिंग आम्ही पैसे वाचवायला घेतलं नव्हतं. लोकल सिम एकच, माझ्याकडे. म्हणजे आत गेलेल्या माझ्या माणसांशीही संपर्क तुटलेला. सासूबाईंना चक्कर आली तर, गर्दीत हात सुटला तर, असं काहीबाही मनात यायला लागलं. दोन सिम घ्या. तिथे वाचवलेल्या पैशांपेक्षा तो जीव टांगणीला लागणं फार महाग पडतं.

मेसेज टाकला: तिकिटं पाठवा. एक खूण. मग दोन खुणा. निळ्या काही होईनात.

शेवटी विचारत विचारत मी भाच्याच्या गेटाकडे चालत निघाले. पार्किंगच्या कडेकडेने वीस-पंचवीस मिनिटं. पायात नवे सँडल. तो मला लांबूनच दिसला. लोक आत जात होते त्या रांगेपासून बाजूला, रेलिंगला टेकून उभा. इस्त्रीचा आकाशी शर्ट, केस नीट विंचरलेले, हातात आजीसाठी आणलेल्या खजुरांची पिशवी. कामावरून खोलीवर जाऊन, अंघोळ करून, तयार होऊन आला होता पोरगा. मला बघून हसला आणि म्हणाला, "मावशी, तू जा आत, बघून ये सगळ्यांबरोबर. मी परत जातो. तसंही आज स्वयंपाकाची पाळी माझीच होती."

मला इतकं भरून आलं त्या क्षणी. त्याच्या आईने निघताना माझ्याजवळ शेंगदाण्याची चटणी आणि भडंग दिलं होतं, आणि सांगितलं होतं की त्याला जरा बाहेर फिरव, तो आपणहून कुठे जात नाही. मी म्हटलं, पाळी गेली उडत, आपण दोघंही आत जाणार.

त्यानंतरही मी तिथे वीस-एक मिनिटं तिकिटांची वाट बघत उभी राहिले, कारण पैसे भरलेले होते आणि ते सोडायला मन तयार नव्हतं. ही माझी चूक. खिडकीवर तिकीट होतं 25 दिरहम. रविवार ते गुरुवार चालणारं तिकीट तेवढ्याला, कुठल्याही दिवशी चालणारं 30 ला. म्हणजे पंचवीसचं तिकीट तेव्हा आपल्या सहाशे रुपयांच्या आत. चार तासांच्या संध्याकाळीतला सव्वा तास मी त्यासाठी घालवला. सात पंचवीसला खिडकीवर जाऊन पन्नास दिरहम ठेवले आणि दोन तिकिटं घेतली.

गेटवरचा माणूस भाच्याला ओळखत होता, तासाभरापूर्वी त्यानेच थांबवलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "फॅमिली?" मी म्हटलं, मावशी. त्याला कळेना. भाचा म्हणाला, "खाला. मेरी खाला है." त्या माणसाचा चेहरा एकदम खुलला. अरबीतही आईची बहीण खालाच. "खाला, वेलकम," म्हणत त्याने दोन्ही तिकिटं स्कॅन केली. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. नियम होता तो त्याने पाळला, आणि माणुसकीने पाळला.

आत गेल्यावर दहा मिनिटांत सगळे भेटले, इंडिया पॅव्हेलियनच्या समोर. सासूबाई एका बाकावर शांत बसून चहा पीत होत्या. तिथला कडक दुधाळ करक चहा त्यांना फार आवडला. गाइडने तेव्हा कुठे मोबाइल काढून बघितला आणि "सॉरी मॅडम" म्हणाला.

गाइडबद्दल खरं सांगायचं तर त्याला माहिती चांगली होती. हे सगळं 1997 साली दुबईच्या खाडीकाठी, महापालिकेच्या समोर, काही टपऱ्यांपासून सुरू झालं हे त्यानेच सांगितलं. पण ही जागा फिरायला गाइड लागत नाही. सगळीकडे पाट्या आहेत, नकाशा मिळतो. वयस्कर माणूस बरोबर असेल तर दारापासून दारापर्यंत गाडी मात्र हवी. आणि हो, 65 वर्षांवरच्यांना आणि तीन वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट असतो, पासपोर्ट जवळ ठेवा. आमच्या सासूबाईंच्या तिकिटाचे पैसे एजंटने घेतलेच होते. आणि फटाक्यांची आतषबाजी असल्याचं कागदावर लिहिलं होतं, ती शुक्रवार-शनिवारी रात्री नऊला असते. मंगळवारी कुठली?

उरलेले अडीच तास आम्ही ग्रुप सोडून दिला आणि आपलेआपण फिरलो. फार छान गेले. सगळ्यात जास्त वेळ गेला येमेनच्या पॅव्हेलियनमध्ये. ओळीने मधाची दुकानं. एका म्हाताऱ्या दुकानदाराने लाकडी काडीवर घेऊन चार प्रकारचे मध चाखायला दिले. एक गडद, जवळजवळ काकवीच्या रंगाचा, घट्ट इतका की काडीवरून तार सुटली तरी तुटेना. नाव सिद्र. सिद्र म्हणजे बोरीच्या जातीचं झाड, हे कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, आपल्या बांधावरच्या बोरीला कधी मधमाश्या बसलेल्या आपण लक्ष देऊन पाहिल्याच नाहीत. त्यांनी दुसऱ्यांदा चाखला. दुकानदाराने पाव किलोचे दीडशे सांगितले, भाच्याने हिंदी-अरबी मिसळून घासाघीस करत नव्वदला आणले. तो एवढं अरबी बोलतो हे मला त्या दिवशी कळलं. मला त्याचा फार अभिमान वाटला.

लुकेमात नावाचे तळलेले गोळे खाल्ले, वर खजुराचा पाक. अमिरातीतला खास पदार्थ. सासूबाईंचा निकाल: हे आपले गुलगुलेच, फक्त गूळ आत न घालता वर ओतलाय. तळ्यात विजेवर चालणारी अब्रा होडी आहे, त्यात बसलो, दमलेल्या पायांना तेवढाच आराम. आफ्रिकेचं पॅव्हेलियन ढोलांच्या आवाजासाठी बघाच. पाळण्यांच्या बाजूला आम्ही गेलो नाही. जानेवारीत रात्री चांगलाच गारवा असतो, शाल घेऊन जा.

दहा वाजता गाडी निघणार होती. मंगळवारी बारापर्यंत उघडं असतं, पण आमचा वेळ संपला. स्वतःच्या बसने आलो असतो तर आणखी थांबता आलं असतं. युनियन मेट्रो स्टेशनवरून 103 नंबरची बस आहे, दहा दिरहम, नोल कार्ड, म्हणजे तिथलं बस-मेट्रोचं कार्ड, लागतं. डेराहून तीच सोयीची. भाचा 106 ने आला होता, मॉल ऑफ द एमिरेट्सवरून.

एजंटला दुसऱ्या दिवशी मी तिकिटांचे फोटो आणि सगळ्या मेसेजच्या वेळा पाठवल्या. तीन वेळा पाठवल्यावर पन्नास दिरहम परत आले. सासूबाईंचे नाही आले.

त्या रात्री निघताना भाच्याने आजीला वाकून नमस्कार केला, ह्यांना केला. मी मधाच्या दोन बरण्यांपैकी एक त्याच्या पिशवीत टाकली. नको म्हणत होता. साडेबाराला त्याचा मेसेज आला: "पोचलो. सगळे जागे होते, बरणी उघडली. चपातीबरोबर खातोय."