छर्रा डावीकडे का वळत होता

गेल्या महिन्यात घरी एअरसॉफ्ट रायफल आली. बोल्ट ॲक्शन, स्प्रिंगची, व्हीएसआर-टेन नावाच्या मॉडेलच्या पद्धतीची, म्हणजे प्रत्येक गोळीला बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा आणि मग ट्रिगर. बॅटरी नाही, गॅस नाही. मला असंच काहीतरी हवं होतं कारण आमच्याकडे गोव्यात डिचोलीला पावसाळ्यात जी दमट हवा असते त्यात बॅटरीचे पिन हिरवे पडतात, टॉर्चचं झालं, रेडिओचं झालं, म्हणून म्हटलं जितकं साधं तितकं बरं. पार्सलचा खोका एका कोपऱ्यात पार चेपलेला होता, विकणाऱ्याला फोटो पाठवले तर दोन दिवस उत्तरच नाही, मग म्हटलं आधी आत काय झालंय ते तर बघू. आत सगळं ठीक दिसत होतं. दिसत होतं हे महत्त्वाचं, पुढे कळेल का ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एअरसॉफ्ट म्हणजे ६ मिलिमीटरचे प्लास्टिकचे गोल छर्रे, ज्याला सगळे बीबी म्हणतात, ते हवेच्या दाबाने उडवणारी खऱ्या बंदुकीसारखी दिसणारी प्रतिकृती. हा छंद जपानात १९७० च्या दशकात सुरू झाला, तिथले बंदुकीचे कायदे कडक, त्यामुळे लोकांनी ही वाट काढली. मोटरवर चालणारी पहिली गाजलेली एअरसॉफ्ट रायफल टोकियो मारुईने १९९१ ला काढली आणि तिथून हे जगभर पसरलं. माझी त्यामानाने फार साधी आहे, पण साध्या वस्तूची सेटिंग पण साधी असते असं समजून बसू नका.

पहिलं काम, आणि हे मी कळकळीने सांगतो, गोळी मारायच्या आधी बॅरल साफ करा. कारखान्यातून येताना बॅरलमध्ये ग्रीस असतं, गंज लागू नये म्हणून. ते तसंच ठेवून मारलं तर ते ग्रीस छर्ऱ्याला लागतं, छर्ऱ्यावरून आतल्या हॉप-अपच्या, म्हणजे छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या रबराला लागतं आणि मग रबर पकडच घेत नाही. बंदुकीबरोबर एक बारीक प्लास्टिकची काडी येते, तिच्या टोकाला जुन्या बनियनचा तुकडा गुंडाळायचा, हॉपचा स्लायडर (रबर कमी-जास्त दाबणारा खटका) शून्यावर करायचा आणि पुढच्या तोंडातून आत घालून फिरवत बाहेर काढायचा. माझा पहिला तुकडा काळपट पिवळा निघाला, दुसरा पिवळट, पाचवा कुठे स्वच्छ आला. आणि तेल अजिबात नको. घरात सगळ्या बिजागऱ्यांना मारतो तो स्प्रे तर नकोच नको, त्यातलं पेट्रोलियम रबर खाऊन टाकतं. सिलिकॉन ऑइल चालतं पण ते सिलिंडरमधल्या पिस्टनच्या रिंगेला, एक थेंब, हॉपच्या रबराच्या जवळपास सुद्धा नाही.

दुसरं म्हणजे गॉगल. भाचा सोळा वर्षांचा आहे, सुट्टीत येतो आमच्याकडे, त्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं की गॉगल डोळ्यावर नसेल तर बोल्टला हात लावायचा नाही. आमच्या परसात चिऱ्याची गडगी, म्हणजे दगडी कुंपण आहे, तिच्यावर आपटून छर्रा सरळ माघारी येतो, एकदा तर येऊन माझ्या पायाजवळच्या पत्र्याच्या डब्यावर टण्णकन वाजला, पंधरा मीटरवरून. साधा धुळीचा चष्मा नको, काचेवर किंवा फ्रेमवर झेड ८७ प्लस (Z87+), म्हणजे जोराचा मार सोसणारा, असं कोरलेलं असतं तो घ्या. आणि बंदुकीचं केशरी टोक आहे तसंच ठेवा, रंगवू नका. ती लांबून खरीच दिसते, शेजारच्या काकांना मी आधी जाऊन हातात देऊन दाखवली, घराच्या गेटबाहेर ती कव्हरमध्येसुद्धा मी विनाकारण नेत नाही.

आता खरा विषय, हॉप-अप.

बॅरलच्या सुरुवातीला वरच्या बाजूने एक छोटासा रबरी उंचवटा आत आलेला असतो. छर्रा त्याच्याखालून जाताना त्याचा माथा घासतो, माथा अडतो आणि पोट पुढे जातं, म्हणजे छर्रा उलटा फिरत फिरत बाहेर पडतो. उलट्या फिरकीमुळे हवा त्याला वर उचलून धरते. गोव्यात हे कोणाला समजावायला लागू नये, फ्री किकला बॉल भिंतीला वळसा घालून गोलमध्ये घुसतो ना, अगदी तेच आहे, फक्त तिथे फिरकी आडवी असते म्हणून बॉल बाजूला वळतो आणि इथे फिरकी मागे असते म्हणून छर्रा वर तरंगतो. मॅग्नस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये हे दाखवून दिलं होतं म्हणून त्याला मॅग्नस इफेक्ट म्हणतात. हॉप कमी असेल तर छर्रा लगेच खाली पडतो, जास्त झाला तर पतंगासारखा वर चढतो आणि मग मेल्यासारखा पडतो. बरोबर असेल तेव्हा तो बराच वेळ तारेवरून चालल्यासारखा सरळ जातो, शेवटी किंचित वर उठतो आणि मग उतरतो. ते एकदा डोळ्याने बघितलं ना की विसरत नाही माणूस.

आम्ही पोफळींच्या मधली सरळ वाट धरली, टेप लावून १०, २० आणि ३० मीटरवर काठ्या रोवल्या. शेवटी मोठा पुठ्ठ्याचा खोका, त्यात जुनी चादर ढिली सोडलेली, छर्रा चादरीत शिरतो आणि खाली पडतो. हे करा बाबांनो, कुळागरात, म्हणजे ह्या पोफळींच्या बागेत, पाण्याचा पाट वाहतो, त्यात प्लास्टिक गेलं तर ते खालच्या शेतात जाणार, ते आपल्याला नकोय. खोक्याच्या तोंडावर नवप्रभा पेपरचं पान चिकटवायचं, पानावर भोकं नीट दिसतात. वेळ सकाळची, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंपू वाजतो त्या सुमाराची, तेव्हा झाडाचं पान हलत नाही. दहानंतर वारा सुटला की ०.२० ग्रॅमचा छर्रा कुठे जाईल सांगता येत नाही.

पहिले शंभरेक छर्रे काही मनावर घ्यायचे नाहीत. रबर नवीन असतं, ते बसायला वेळ लागतो, एक वर जातो एक खाली जातो. पुण्याचा मित्र आला होता त्याच्याकडे वेग मोजायचा क्रोनो होता, पहिल्या तीस छर्ऱ्यांत वेग २८० ते ३१० फूट प्रतिसेकंद असा नाचत होता, दीडशेनंतर २९८ ते ३०५ मध्ये स्थिरावला. ०.२० ग्रॅमला ३०० फूट म्हणजे साधारण ०.८४ जूल. लोक पहिल्या पन्नास गोळ्यांत बंदूक खराब आहे म्हणून ठरवून टाकतात, परत करायला धावतात, तसं करू नका, तिला बसू द्या.

पण माझ्या बंदुकीत खरंच काहीतरी होतं. रबर बसल्यावर, वेग स्थिर झाल्यावर सुद्धा सगळं डावीकडे जायचं. भाचा पानाजवळच्या झाडाआड उभा राहून, गॉगल घालून, ओरडून सांगायचा, "मामा, परत दाव्यान गेलें!" मी स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, उजवीकडे फिरवायचो. क्लिक, क्लिक, क्लिक. माझ्या स्कोपला एका क्लिकला २५ मीटरवर जेमतेम दोन मिलिमीटर फरक पडतो, तर मी तीस-तीस क्लिक मारत होतो. २० मीटरला बरोबर आलं की १० ला उजवीकडे जायचं आणि ३० ला परत डावीकडे. दोन सकाळी ह्यात गेल्या. स्कोपच वाकडा बसलाय असं वाटून मी तो सगळा सोडवला, मग गवंड्याचा ओळंबा आणून पोफळीला, वीस मीटरवर, टांगला आणि बंदूक पोत्यावर सपाट ठेवून स्कोपमधला उभा दोरा ओळंब्याच्या दोरीवर बसवून मग रिंगांचे स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळले. ही पद्धत चांगलीच आहे, सगळ्यांनी करावी, स्कोप सरळ बसतो. पण छर्रा तरी डावीकडेच.

मग तिसऱ्या दिवशी वही घेऊन बसलो. स्कोपला हात लावायचा नाही असं ठरवलं, स्कोप १० मीटरच्या आतच बरोबर केला आणि प्रत्येक काठीजवळ पान लावून दहा-दहा छर्रे मारले. १० मीटरला जेमतेम एक बोट डावीकडे, २० ला चार बोटं, ३० ला चांगली वीतभर.

हे आकडे वहीत एकाखाली एक बघितले आणि लक्षात आलं. स्कोप वाकडा असता तर फरक सरळ रेषेत वाढला असता, एक बोट, दोन बोटं, तीन बोटं. इथे तो वाढत वाढत चालला होता, म्हणजे छर्रा सरळ जातच नव्हता, हवेत वळत होता, फ्री किकसारखा. म्हणजे फिरकीच तिरकी. आणि फिरकी देतो कोण, तर ते रबर.

स्टॉकचे स्क्रू काढले, बॅरल बाहेर घेतली, हॉपचा चेंबर उघडला. जमिनीवर पांढरं फडकं पसरा हं, त्यात एक छोटी स्प्रिंग असते ती उडाली की गेली. रबराची नळी बॅरलच्या मागच्या टोकावर चढवलेली असते, तिच्या आत एक बारीक उभी रेघ असते आणि बॅरलवर एक खाच असते, ती रेघ त्या खाचेत बसली पाहिजे. टॉर्च लावून भिंग धरून बघितलं तर माझी रेघ खाचेच्या डाव्या बाजूला चढून बसली होती, अर्धा मिलिमीटर, नखाने जाणवेल एवढंच. त्या चेपलेल्या खोक्यामुळे असेल किंवा जोडणाऱ्याच्या हातून तशीच बसली असेल, मला सांगता येणार नाही. एवढ्यामुळे उंचवटा छर्ऱ्याच्या माथ्यावर न घासता माथ्याच्या डावीकडे घासत होता. जिकडे रबर घासतं तिकडे छर्रा वळतो, हे लिहून ठेवा, मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय.

रबर काढलं, आतलं उरलेलं ग्रीस कोरड्या कापसाने पुसलं, बॅरलच्या टोकाला प्लंबर नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे लावली, म्हणजे रबर घट्ट बसतं आणि हवा मागे गळत नाही, फक्त बॅरलच्या खिडकीवर, म्हणजे उंचवटा आत येतो त्या भोकावर, टेप येऊ द्यायची नाही, आली तर ब्लेडने कापायची. रेघ खाचेत बसवली. बंद करायच्या आधी मागून टॉर्च मारून पुढच्या तोंडातून बघितलं, हॉप थोडा लावल्यावर वरून खाली येणारी काळी सावली अगदी मधोमध दिसली, डावी उजवी सारखी. हे बघितल्याशिवाय चेंबरचे स्क्रू लावू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉप शून्यापासून सुरू केला, प्रत्येक वेळी स्लायडर थोडा पुढे आणि मग पाच छर्रे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सहाव्या का सातव्या खेपेला ३० मीटरवर तो सरळ जायला लागला. पांढरा ठिपका पोफळींच्या सावलीतून जाताना दिसतो, मधे एका ठिकाणी ऊन पडतं तिथे चमकतो, आणि मग पानात शिरल्याचा टप्प असा आवाज. दहाच्या दहा छर्रे एका बशीत मावतील एवढ्या जागेत. भाचा काही ओरडलाच नाही, नुसता पानाकडे बघत उभा.

मग कुठे स्कोप. हॉप ठरल्याशिवाय स्कोपला हात लावण्यात अर्थ नाही कारण हॉप बदलला की सगळं परत बदलतं. २५ मीटरला तो अकरा क्लिकमध्ये जुळला.

छर्ऱ्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. पहिलं पाकीट जे स्वस्तातलं घेतलं होतं ते मॅगझिनमध्ये अडकायचं. मामेभाऊ कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, त्याने व्हर्नियर आणला, वीस छर्रे मोजले. चांगला छर्रा ५.९५ मिलिमीटरच्या आसपास असतो, माझ्यातले काही ५.८८ आणि एक तर ६.०२, आणि मधोमध साच्याची शिवण हाताला लागत होती. काचेवर घरंगळवले तर ते डुगडुगत जातात, चांगले सरळ जातात, व्हर्नियर नसला तरी ही परीक्षा घरी करता येते. ते पाकीट टाकून दिलं. आता ०.२५ ग्रॅम वापरतो, वाऱ्यात कमी हलतो, फक्त जड छर्ऱ्याला हॉप जरा जास्त लागतो. विघटन होणारे बायो छर्रे मला कुळागरासाठी आवडले असते आणि ते मी घेणार पण आहे, पण ते दमट हवेत ओल धरून फुगतात, मॅगझिनमध्ये ठेवून द्यायचेच नाहीत. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायचे.

पावसाळ्यात बंदूक माळ्यावर जाईल. बोल्ट सैल, म्हणजे स्प्रिंग दाबलेली न ठेवता, मॅगझिन रिकामं, धातूच्या भागांवर सिलिकॉनचा पातळ हात, हॉप शून्यावर, नाहीतर चार महिने दाबून रबराला कायमचा खळगा पडतो. स्लायडर आत्ता जिथे आहे तिथे बारीक पेन्सिलची खूण करून ठेवली आहे, ०.२५ साठी एक, आणि शेजारी ०.२८ साठी जागा रिकामी आहे, ती पुढच्या रविवारी.