सुंठीचा रेनकोट, प्रयत्न चौथा

मे अखेर

तिसरा रेनकोट उसवून त्याची पुसणी झाली. आता चौथा. वळवाचे दोन सडाके येऊन गेले आणि दोन्ही वेळा आमची कुत्री सुंठ जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठाण मांडून उभी. उभीच, ही जात सहसा बसत नाही. मागच्या मांड्या इतक्या भरीव की टेकवून बसणं तिला अवघडच जातं. एक पंजा वर, कान मागे, चेहरा असा की भाड्याच्या घरातून सामानासकट बाहेर काढलंय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: सुंठ आमची कारवानी, म्हणजे वेगाने पळणाऱ्या सडपातळ जातीची कुत्री, साडेतीन वर्षांची, जतकडच्या एका वाडीवरून आणलेली. रंगावरून नाव पडलं. आई म्हणाली होती, "कुत्रीला नाव ठेवलंस की काढ्याला?" घर पुण्यात वारज्याला, तिसरा मजला. शिलाई मशीन आईचं, उषाचं, पायाचं. शिवणारा मी, म्हणजे चुकणाराही मीच.

माप पुन्हा घेतलं. खांद्याशी उंची २५½ इंच, वजन १९ किलो. छाती २६, कंबर १७½, मान १३, मानेच्या बुडापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ २३. छाती आणि कंबर यांच्यात साडेआठ इंचांचा फरक आहे, आणि आत्तापर्यंतचे माझे सगळे कोट त्या साडेआठ इंचांत बुडाले.

दुकानातले तयार कोट लॅब्राडॉर समोर ठेवून बेतलेले असतात. लॅब म्हणजे पिंप. छातीला जे माप तेच थोड्याफार फरकाने पोटाला. एल मापाचा घेतला तर सुंठीला छातीत बसतो, पण पाठीवर पाच इंच तोकडा आणि गळ्यात दोन मुठी जातील एवढा ढगळ. एक्सएल लांबीला बरोबर, पण कमरेशी असा लोंबतो की ती चालली की स्वतःच्याच कोटात पाय घालते. पाकिटावरचं ‘२० ते २५ किलोच्या कुत्र्यांसाठी’ हे तर सोडूनच द्या. वजनावरून कपडा कुणी बेततं का?

कारवानी, पश्मी, ग्रेहाउंड, राजपालयम, कन्नी, कोणीही असो, वेगावर पळणाऱ्या कुत्र्यांची ही सारखीच कथा. हृदय-फुप्फुसांना जागा हवी म्हणून छाती खोल, आणि पळताना मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे यायला हवेत म्हणून पोट वर ओढलेलं. अंगावर चरबी नाही, केस आखूड. लांब केसांची झालर असलेला पश्मी तेवढा अपवाद, आणि झालरही कान, शेपूट, पायांपुरतीच. म्हणून ही कुत्री भिजली की लगेच कुडकुडतात.

आणि म्हणूनच बरगड्या दिसतात. तब्येत उत्तम असताना शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात. पण हे सोसायटीला कोण समजावणार? खालच्या मजल्यावरचे काका आठवड्यातून एकदा विचारतातच, "अहो, हिला खायला घालता ना?" मी हसून सोडून देतो. आई मात्र मनाला लावून घेते.

४ जून

रविवार पेठेत जाऊन कापड आणलं. पॅराशूट कापड मागितलं की दुकानदार विचारतो, छत्रीचं की बॅगेचं. बॅगेचं घ्या. त्याच्या आतल्या बाजूला लेप असतो. पारखायची सोपी रीत: उलट्या बाजूला तोंड लावून जोरात फुंकायचं. हवा आरपार गेली तर पाऊसही जाणार. दुकानदार विचित्र नजरेने बघतो, बघू द्यावं. रंग गडद निळा, दीड मीटर. अस्तराला बारीक जाळी. बोहरी आळीतून प्लॅस्टिकची बकलं आणि इंचाची पट्टी.

रात्री दिसावं म्हणून चकाकणारी पट्टी हवी होती. सुटी मिळेना. शेवटी रस्त्यावर काम करणारे घालतात तसलं हिरवं जाकीट घेतलं आणि त्याच्या पट्ट्या उसवून काढल्या. एका जाकिटात दोन कोट होतात.

७ आणि ८ जून

बेतणं. जुन्या वर्तमानपत्रावर.

तिसऱ्या कोटाचं काय बिघडलं होतं ते आधी लिहितो, म्हणजे तुमचं कापड वाचेल. मी दोन भाग कापून पाठीच्या कण्यावर शिवण घातली होती. दिसायला फार सुरेख; कण्याची कमान हुबेहूब आली. पण सुई जिथे जिथे टोचते तिथे भोक पडतं, आणि पाऊस सगळ्यात जास्त कुठे पडतो? पाठीवर. अर्ध्या तासात कण्यावर ओली रेघ. शिवणीवर मेणबत्ती घासून पाहिली, दोन दिवस बरं चाललं, मग मेण तडकलं.

यंदा कापड दुमडून, घडी कण्यावर ठेवून एकच अखंड तुकडा कापला. पाठीवर शिवण नाहीच. मग कमान कशी येणार? त्यासाठी दोन्ही कुशींवर एकेक डार्ट, म्हणजे कापड चिमटीत धरून मारलेली निमुळती टीप, शेवटच्या बरगडीपासून मांडीकडे तिरका. आपल्या कोपऱ्यावरच्या टेलर मास्तरांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "ब्लाउज आहे का?" मी म्हटलं, कुत्रीचा कोट. जरा वेळ कागद फिरवून बघितला आणि पेन्सिलीने डार्टचं टोक एक इंच अलीकडे आणलं. "टोक फुगवट्याच्या आधी संपवायचं. नाहीतर चोच निघते." पैसे घेतले नाहीत. हा एक इंच मला तीन कोटांत सापडला नव्हता.

गळ्याला उंच कॉलर, चार इंच, दुमडता येणारी. लांब मानेच्या कुत्र्यांना पाऊस मानेवरून ओघळून आत शिरतो. साखळी अडकवायला पाठीवर काज मात्र केलं नाही. सुंठीला मी मार्टिंगेल पट्टा वापरतो, तो कॉलरच्या वर बसतो. हिचं डोकं १४ इंच आणि मान १३. साधा पट्टा मागे ओढला की कानांवरून सटकतो आणि कुत्री मोकळी. मार्टिंगेलमध्ये ओढलं की छोटा फास तेवढाच आवळतो, गळा न दाबता. कारवानी पाळणाऱ्याने बाकी काही नाही घेतलं तरी हा घ्यावा. ही सुटली तर तुम्ही रिक्षा करूनही तिला गाठू शकणार नाही.

११ जून

शिवून झालं. १४ नंबरची सुई, पॉलिएस्टर दोरा, टाका लांब ठेवला. बारीक टाक्याने भोकं वाढतात. टाचण्या लावल्या नाहीत, कागदाच्या क्लिपा लावल्या, कारण तेच, भोकं.

चाचणी सुंठीवर केली नाही. दिवाणावरच्या लोडाला कोट घातला, आत टिपकागदासारखं वर्तमानपत्र गुंडाळलं आणि न्हाणीघरात वरून दोन बादल्या ओतल्या. पाठ कोरडी! कुशीच्या डार्टपाशी नखाएवढा ओलसर डाग. चालेल. आई दारातून म्हणाली, "लोडाची हौस झाली असेल तर तो आता वाळत कुठे घालायचा तेही बघ."

१७ जून

पहिला खरा पाऊस. सकाळी साडेसहा, मुठेच्या काठापर्यंत आणि परत, चाळीस मिनिटं.

चांगलं: पाठ, मान, खांदे कोरडे. वाईट: पोटपट्टा. मी तो बरगड्या संपतात तिथे लावला होता, कारण काखेजवळ लावला तर घासेल ही भीती. चार पावलांत तो मागे सरकला. आता विचार करा, छातीवरून कमरेकडे सरकला म्हणजे २६ वरून १७½ वर. कोट एका बाजूला कलला, मागचा भाग खाली लोंबला आणि सुंठ मूर्ती होऊन उभी राहिली. काका बाल्कनीत होतेच. "दमली वाटतं. खायला घाला हो तिला."

उतारावर पट्टा टिकत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. पट्टा सगळ्यात रुंद जागीच हवा, आणि तो मागे जाऊ नये म्हणून त्याला पुढून धरून ठेवणारं काहीतरी हवं.

१९ जून

दोन पुढच्या पायांमधून जाणारी छातीपट्टी शिवली. गळ्याच्या पुढून निघते, छातीखालून जाते आणि पोटपट्ट्याला मिळते. रुंदी पाच इंच, मागे निमुळती. आता पोटपट्टा कोपराच्या दोन बोटं मागे बसतो आणि हलत नाही. पट्ट्याच्या आत जुन्या बनियनचं मऊ कापड गुंडाळलं.

बनियनवरून आठवलं, या सगळ्या शिवणकामाचा श्रीगणेशा बनियननेच झाला. नसबंदीनंतर सुंठ टाके चाटत होती. गळ्यात शंकूसारखी कॉलर घातली तर ती दारांना धडकायची. मग माझं बनियन उलटं चढवलं: हातांच्या भोकांतून पुढचे पाय, आणि पाठीवर शेपटीजवळ गाठ. दहा दिवस निभावले. अशा किडकिडीत कुत्र्यांचं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. थायोपेंटोनसारखी काही भुलीची औषधं यांच्या अंगातून उतरायला फार वेळ घेतात.

२ जुलै

अंगवळणी पडतंय. पहिल्या दिवशी कोट फक्त हुंगायला दिला, दुसऱ्या दिवशी पाठीवर ठेवून दोन मिनिटांत काढला, दर वेळी उकडलेल्या चिकनचा एक तुकडा. घाई केली की मूर्ती. मागच्या पायांना इलॅस्टिकचे फास लावायचा प्रयोग केला होता, तो तासाभरात कापून टाकला. फास लागला की ती मागचे पाय झटकत उंटासारखी चालते.

त्रास एकच, उकाडा. पॅराशूट कापडातून हवा जात नाही. बाहेर पाऊस असला तरी पुण्याची जुलैतली हवा काही गार नसते, आणि कुत्रं घाम गाळून नव्हे तर धापा टाकून गार होतं. म्हणून कोट चाळीस मिनिटांच्या वर नाही. घरी आल्याबरोबर काढायचा, अंग पुसायचं, कॉलरखाली, कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी बघायच्या. काल कॉलरच्या घडीत एक सापडली. डबकी मी टाळतोच. लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या रोगाची) लस झाली असली तरी उंदीर मुतलेलं पाणी ते उंदीर मुतलेलंच पाणी.

एक भांडण इथे उकरतो. कोट सगळ्यांना लागत नाही. लॅब्राडॉरच्या केसांना तेलकटपणा असतो, खाली लोकरीचा थर असतो. तो भिजला तर सोफा खराब होतो, कुत्रं नाही. हस्कीला पुण्यात स्वेटर घालून फोटो काढणाऱ्यांना मी काही बोलत नाही, फक्त त्या हस्कीकडे बघतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर मुळात धापा टाकायलाच कष्ट पडतात. त्यांना चारी बाजूंनी गुंडाळणं धोक्याचं. कपडा कुत्र्याला हवा आहे की आपल्याला, एवढं आधी ठरवावं.

१३ जुलै

पाऊस नाही, काम नाही. जुन्या पोस्टाच्या तिकिटांच्या वहीत २००५ सालचा तो कुत्र्यांचा संच सापडला: हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड, मुधोळ हाउंड आणि राजपालयम. मुधोळ म्हणजे आमच्या सुंठीचंच गाव म्हणायचं. बागलकोट जिल्ह्यात आहे. घोरपड्यांचं संस्थान होतं, आणि त्या राजांनी ही जात जोपासली. केनेल क्लब ऑफ इंडिया हिला कॅरव्हान हाउंड म्हणून नोंदवतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. सांगली-सोलापूरकडचा माणूस दोन्ही नावं ऐकून घेतो आणि म्हणतो, "कारवानीच की."

तिकिटावरच्या कुत्र्याच्याही बरगड्या काकांना दाखवायच्या आहेत.

२७ जुलै

महिनाभराचा हिशेब. कोट नऊ वेळा धुतला, साध्या पाण्यात, मऊ फडक्याने. लेप शाबूत. चकाकणारी पट्टी एका टोकाला उसवली, परत टीप मारली. कोपरामागे लाली नाही. डार्टपाशी अजून ओल येते. तिथे आतून शिवणीची पारदर्शक पट्टी इस्त्रीने चिकटवून बघणार, मधे कापड ठेवून.

पुढची कामं: दिवाळीच्या आत कानपट्टी. जुन्या टी-शर्टाच्या बाहीची नळी, डोक्यावरून कानांवर चढवायची; फटाक्यांचा आवाज थांबत नाही, पण जरा बोथट होतो. गेल्या वर्षी ती पलंगाखाली चार तास होती. मग थंडीचा कोट. आईने तिची जुनी नऊवारी काढून ठेवलीय, गोधडीसारखा धावदोरा घालणार म्हणते. उबेला छान, पण भिजली तर दिवसभर वाळणार नाही, म्हणून कोरड्या पहाटेपुरतीच.

गोधडीसाठी म्हणून आज परत माप घेतलं. मान १३. पाठ २३. छाती २६½. कंबर १९.

दोनदा मोजली. १९. आईला विचारलं, दुपारी सुंठीला काय घालतेस. म्हणाली, काही नाही. ताटाखाली तुपाची वाटी झाकलेली होती आणि सुंठ त्या ताटाकडे बघत होती. मग आई म्हणाली, "पावसात टेप आटली असेल."