होकारानंतरची माघार : ‘बॅक आउट’

सुताचा सौदा असो, प्लॉटचा व्यवहार असो की सोयरीक, ‘त्यांनी ऐनवेळी बॅक आउट केलं’ हे वाक्य सोलापुरात आता मराठीच होऊन बसले आहे. इंग्रजी लिहिताना मात्र या क्रियापदाची एक अट आपण विसरतो : आधी होकार दिलेला असल्याशिवाय कोणालाही ‘बॅक आउट’ करता येत नाही. नुसता भाव विचारून निघून गेलेल्या गिऱ्हाइकाला ते लागू पडत नाही. बोली पक्की करून, कदाचित विसारही देऊन, मग अंग काढून घेणाऱ्याला ते लागू पडते, आणि म्हणूनच त्यात ठपक्याचा सूर असतो.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याची इंग्रजी पत्रे मी अधूनमधून तपासून देतो. परदेशी ग्राहकाने मागणी रद्द केल्यावर तिथल्या तरुण कारकुनाने ‘यू हॅव बॅक्ड आउट द ऑर्डर’ असे लिहिले होते. व्याकरणाची दुरुस्ती सोपी आहे : ‘आउट’नंतर ‘ऑफ’ हवे, आणि पुढे क्रियापद आले तर त्याचे ‘इंग’ लागलेले रूप हवे, जसे ‘बॅक्ड आउट ऑफ बाइंग’. (‘ही बॅक्ड द कार आउट’ हे वाक्य बरोबरच आहे, पण तिथे गाडी मागे घेऊन बाहेर काढली आहे, शब्द मागे घेतलेला नाही.) तरीही ‘ऑफ’ घालून ते पत्र मी जाऊ दिले नसते, कारण पुढच्या हंगामात ज्याच्याकडून पुन्हा मागणी हवी आहे, त्याला ‘तुम्ही शब्द फिरवलात’ असे कोणता व्यापारी लिहील? तिथे ‘कॅन्सल’ हा साधा शब्द पुरतो.

‘विथड्रॉ’मध्येही असा ठपका नाही, मुदतीत उमेदवारी अर्ज मागे घेणारा ‘विथड्रॉ’ करतो. सैन्य, गुंतवणूक किंवा करार यांतून बाहेर पडण्याला ‘पुल आउट’ चालते, आणि १ जून २०१७ रोजी ट्रम्प यांनी पॅरिस हवामान करारातून अमेरिका बाहेर पडणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा बातम्यांत ते सर्रास दिसले.

खरी गल्लत ‘बॅक डाउन’शी होते. दराच्या घासाघिशीत आपला हट्ट सोडून नमते घेणारा मालक ‘बॅक डाउन’ करतो, सौदा मात्र कायम राहतो; त्याच्याबद्दल ‘बॅक आउट’ लिहिले, तर वाचणाऱ्याला सौदाच मोडला असे वाटेल.