एका देवळाची दोन ठिकाणे
भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या जुन्या नकाशापत्रकावरून पुण्याजवळच्या एका देवळाचे अक्षांश-रेखांश उतरवून मी जीपीएसमध्ये भरले, तेव्हा खूण देवळापासून शंभरएक मीटर बाजूला पडली. दोष माझ्या मोजपट्टीचा नव्हता (निदान सगळा नव्हता). पृथ्वीचा आकार कोणता गृहीत धरला, यावर अक्षांश-रेखांश अवलंबून असतात. जुनी पत्रके १८३० च्या एव्हरेस्ट विवृत्ताभावर, म्हणजे ध्रुवांशी किंचित चपट्या गोलावर, आणि मध्य प्रदेशातील कल्याणपूरच्या मूळबिंदूवर बेतलेली आहेत, तर जीपीएस पृथ्वीच्या केंद्राशी जुळवलेली डब्ल्यूजीएस ८४ ही चौकट वापरते. अशा चौकटीला डेटम म्हणतात. क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशांचे थरावर थर चढवण्यापूर्वी प्रत्येक थराचा डेटम तपासावा, कारण डेटम चुकीचा नोंदवला तरी सॉफ्टवेअर निमूटपणे नकाशा काढून दाखवते.