चेन ऑफ रॉक्स पुलावरून हिवाळी पक्षिनिरीक्षण

अमेरिकेतील मिझुरी आणि इलिनॉय या राज्यांची सीमा मिसिसिपी नदीतून जाते आणि सेंट लुइसच्या उत्तर टोकाला, जुन्या चेन ऑफ रॉक्स पुलावरून, ती पायी ओलांडता येते. १९२९ मध्ये खुला झालेला आणि पुढे रूट ६६ या महामार्गाची वाहने पेलणारा हा ५,३५३ फूट लांबीचा पूल १९९९ पासून पादचारी व सायकलस्वारांसाठी आहे.

आम्ही जानेवारीत गेलो, आणि पक्ष्यांसाठी जायचे तर कडाक्याच्या थंडीतच जावे. वरच्या अंगाचे संथ पाणी गोठले, तरी येथील खडकांवरून धावणारे पाणी सहसा मोकळे राहते; शिवाय मालवाहू नौका हे खडक टाळून पूर्वेकडील कालव्याने जात असल्यामुळे या पट्ट्यात वर्दळही नसते. त्यामुळे बाल्ड ईगल, कुरव आणि गोल्डनआय बदके येथे मासेमारीला जमतात. ओंडक्यावर बसलेला एक प्रौढ गरुड पायाखाली मासा दाबून लचके तोडत होता आणि जवळच एक तपकिरी, चितकबरे पिल्लू उष्ट्याची वाट पाहत होते. नवख्यांची फसगत होते ती अशा पिल्लांमुळेच, कारण पांढरे डोके आणि शेपूट यायला साधारण पाच वर्षे लागतात.

खालच्या अंगाला पाणी उपसण्याचे दोन जुने दगडी मनोरे नदीपात्रात उभे आहेत. त्यांचे छप्पर आणि कठडे दुर्बिणीने सावकाश तपासावेत. मात्र हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने तिकडे पाहताना कुरव नुसते काळे दिसतात आणि त्यांची ओळख पटवणे अवघड जाते. सकाळी इलिनॉयच्या बाजूने आणि दुपारनंतर मिझुरीच्या बाजूने पाहिल्यास ऊन बरेचसे पाठीशी राहते. पूल मध्यावर वळत असल्याने थोडे चालले तरी कोन बदलतो. पाहिलेल्या पक्ष्यांच्या राज्यनिहाय याद्या ठेवणाऱ्यांची येथे चंगळ असते, कारण एकच कुरव पाहता पाहता दोन्ही याद्यांत जातो!

वारा झोंबतो, हातमोजे आणि कानटोपी हवीच. स्पॉटिंग स्कोप (तिवईवर लावायची एकनेत्री दुर्बीण) असल्यास अवश्य न्यावा, पण तिवई सायकलींच्या वाटेत मांडू नये. गाडीत मौल्यवान वस्तू ठेवू नयेत. परतताना इलिनॉयकडील झुडपांत युरेशियन ट्री स्पॅरो ही चिमणी शोधावी: तपकिरी टोपी आणि पांढऱ्या गालावर काळा ठिपका. १८७०मध्ये सेंट लुइसमध्ये सोडलेल्या मोजक्या पक्ष्यांचा हा वंश अमेरिकेत प्रामुख्याने याच परिसरात टिकून आहे.