हरभऱ्याच्या ओलितात मोनोपोलचं गणित

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी ‘स्पिन आइस’ नावाचा चुंबकी स्फटिक घेतला. प्रयोगाचा प्रश्नच नव्हता. डिस्प्रोशियम टायटनेटचा स्फटिक १ केल्विनच्या खाली न्यायला लागणारं हीलियम दारव्हा तालुक्यात कुठून आणणार? कॉम्प्युटरवर मॉन्टे कार्लो, म्हणजे यादृच्छिक आकड्यांनी केलेलं अनुकरण, चालवावं, तर रन अर्ध्यात असतानाच लाइन जायची.

या स्फटिकात डिस्प्रोशियमचे स्पिन, म्हणजे अणूंचे चिमुकले चुंबक, चतुष्फलकांच्या कोपऱ्यांवर असतात. प्रत्येक चतुष्फलकात दोन स्पिनांचं तोंड आत, दोघांचं बाहेर, हा नियम. एक स्पिन उलटला की लागूनच्या दोन चतुष्फलकांत तो मोडतो. एकात तीन आत, दुसऱ्यात तीन बाहेर. कास्टेलनोव्हो, मोसनर आणि सोंधी यांनी २००८ मध्ये दाखवलं, की हे दोन दोष चुंबकाच्या एकट्या टोकांसारखे, म्हणजे मोनोपोलसारखे, सुटे होऊन फिरू शकतात आणि एकमेकांना कूलंबच्या नियमाने ओढतात. म्हणजे स्पिन बाजूला ठेवून फक्त दोष मोजले, तर समोर मिठाच्या पाण्यासारखा प्रभारांचा द्रव उरतो. अशा द्रवाचं गणित डिबाय आणि ह्युकेल यांनी १९२३ मध्येच करून ठेवलंय. मला एवढंच हवं होतं.

चतुष्फलकाच्या १६ स्थितींपैकी ६ नियमातल्या, ८ मोनोपोलच्या. एक मोनोपोल तयार व्हायला लागणारी ऊर्जा, म्हणजे त्याची किंमत, तापमानाच्या एककात सुमारे ४.३५ केल्विन. आकर्षण सोडून दिलं, तर १ केल्विनला जेमतेम १.७ टक्के चतुष्फलकांत मोनोपोल येतात. आकर्षण धरलं की प्रत्येक मोनोपोलभोवती विरुद्ध प्रभारांची गर्दी होते आणि पुढचा मोनोपोल स्वस्त पडतो. पण गर्दी किती, हे घनतेवर. घनता किती, हे गर्दीवर. म्हणून घनता सूत्रात टाकायची, नवी काढायची, ती परत टाकायची, आकडा हलायचा थांबेपर्यंत. एक्सेलच्या एका शीटमध्ये भागलं, तेही लॅपटॉपच्या बॅटरीवर.

हरभऱ्याच्या ओलिताची पाळी रात्रीची होती, म्हणून बरंचसं काम मोटारीजवळच झालं. बाबांनी विचारलं, “काय करून राहिला रे?” म्हटलं, चुंबकाचं एकटं टोक मोजतो. “चुंबक तोडला तरी दोन्ही टोकं राहतेत ना?” त्यांचं बरोबरच होतं. डिरॅकने १९३१ मध्ये मांडलेला मूलभूत मोनोपोल तो हा नाही. चुंबकाचं एकटं टोक नसतं असं सांगणारं मॅक्सवेलचं समीकरण इथे शाबूत राहतं. उलटलेल्या स्पिनांची माळ दोन टोकांना जोडून असते, फक्त तिला ताण जवळपास नसतो.

१ केल्विनला घनता साडेतीन टक्क्यांच्या आसपास येऊन थांबली, म्हणजे दुप्पट. ०.५ केल्विनला वाढ साधारण दीडपटीच्या आतच, कारण तिथे दहा हजारांत दोन-तीनच मोनोपोल उरतात. गर्दी करणार कोण?

तोंडीत बाहेरून आलेल्या सरांनी नेमकी दुखरी जागा धरली: १ केल्विनला डिबाय लांबी, म्हणजे भोवतालची गर्दी ज्या अंतरात प्रभार झाकते ते अंतर, जाळीच्या एका पावलाएवढीच, मग सलग द्रवाचं सूत्र तिथे कसं चालेल? काटेकोरपणे चालत नाही, असं मी सांगितलं. त्या टोकाचे आकडे मी अंदाजच धरतो; खालच्या तापमानाचे मात्र पक्के.